मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, पण समुद्रातले बियाणे कोण राखणार? मनोरी खाडीचा हिशेब



२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कृषी दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, शेतीच्या दराने कर्ज, विमा, सौरऊर्जेसाठी मदत अशा सवलतींची दारे यामुळे उघडली. अनेक वर्षांची मागणी होती आणि ती मान्य झाली हे चांगलेच झाले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने १२ सागरी मैलांच्या पुढच्या समुद्रातील मासेमारीसाठी नवे नियम लागू केले. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली.

या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. मुंबईच्या पश्चिम टोकाला असलेल्या मनोरीच्या कोळी कुटुंबासाठी मात्र त्या एकाच ताटात येतात, कारण तिन्हींचा परिणाम शेवटी जाळ्यात काय येते यावर होतो. म्हणून या लेखात एकेका योजनेची माहिती न देता या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला आहे. समुद्राचे व्यवस्थापन परिसंस्थेच्या पायावर करायचे म्हणजे नेमके काय, आणि त्यात तुमचा वाटा कोणता, हे त्यातून कळेल.

शेत आणि समुद्र यांत फरक कुठे आहे?

शेतीत आपण जमीन कसतो, बियाणे आणतो, खत-पाणी देतो. भांडवल वाढवले तर साधारणपणे उत्पादन वाढते. म्हणून शेतीच्या बहुतेक योजना निविष्ठा स्वस्त करण्यावर उभ्या आहेत. मत्स्यशेतीलाही, म्हणजे तळ्यातल्या किंवा पिंजऱ्यातल्या माशांनाही, हे गणित लागू पडते.

खुल्या समुद्रातली मासेमारी वेगळी आहे. तिथे पेरणी कोणी करत नाही. समुद्रात जे आपोआप वाढते त्यातला वाटा आपण काढतो. कर्ज स्वस्त झाले, इंजिन मोठे झाले, जाळे लांब झाले, तर मासे पकडण्याची ताकद वाढते. मासे वाढत नाहीत. एका मर्यादेपुढे वाढीव खर्च म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्यातला मासा आपण आधी पकडणे, एवढेच उरते.

आकडे हेच सांगतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार महाराष्ट्रात १९६० आणि ७० च्या दशकांत पापलेटचे सरासरी वार्षिक उत्पादन ८ हजार टनांच्या वर होते. २०१० नंतर ते ४ हजार टनांच्या आसपास आले. मधल्या काळात नौका, इंजिने आणि जाळी सगळेच वाढले होते. २०१८ मध्ये राज्याचे एकूण सागरी उत्पादन सुमारे २.९५ लाख टन होते. २०१९ मध्ये ते २.०१ लाख टनांवर घसरले, म्हणजे ४५ वर्षांतले नीचांकी. त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे आली आणि मासेमारीचे बरेच दिवस बुडाले. पण साठा भक्कम असता, तर एका वाईट हंगामाचा फटका एवढा बसला नसता.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आपण पीक काढता काढता पेरणीचे बियाणेही विकत आलो आहोत.

मनोरीच्या खाडीत साखळी कशी चालते?

मनोरी, गोराई आणि उत्तन ही गावे समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यावर आहेत. समोर मार्वे, आत मालाडची खाडी, कडेने खारफुटी. इथला पारंपरिक व्यवसाय डोल जाळ्याचा. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून जाळे बांधतात. प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, मांदेली, करंदी, जवळा त्यात शिरतात आणि शेवटच्या अरुंद भागात, म्हणजे खोल्यात, जमा होतात. नौका माशांचा पाठलाग करत नाही, त्यामुळे डिझेल कमी लागते. जाळे लावण्याच्या जागा प्रथेने ठरलेल्या असतात.

आता खालून वर येणारी साखळी पाहू.

१. खारफुटीची पाने गळतात, चिखलात कुजतात. खाडीचे हे सेंद्रिय खत आहे.
२. त्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर जवळा आणि बारीक कोळंबी पोसली जाते. अनेक माशांची पिल्ले खारफुटीच्या मुळांत आसरा घेतात.
३. जवळ्यावर बोंबील जगतो. तो आपल्याच जातीची लहान पिल्लेही खातो.
४. बोंबील, मांदेली आणि कोळंबी यांच्यावर घोळ, दाढा यांसारखे मोठे मासे जगतात.

या चारही पायऱ्या मनोरीच्या माणसाला रोज डोळ्यांपुढे दिसतात. जवळा कमी आला की काही दिवसांनी बोंबील विरळ होतो, हे अनुभवी तांडेलाला पुस्तक न वाचता माहीत असते. परिसंस्थेवर आधारित व्यवस्थापनाचा गाभाही हाच आहे: एका जातीचा वेगळा विचार न करता तिचे अन्न, आसरा, पाणी आणि तिला पकडणारा माणूस या सर्वांचा एकत्र विचार करणे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जबाबदार मासेमारीची आचारसंहिता १९९५ मध्ये स्वीकारली आणि २००३ मध्ये परिसंस्था दृष्टिकोनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय सागरी मत्स्य धोरणातही हा विचार आहे. कागद तयार आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

किमान आकाराचा नियम : फायद्याचा, पण डोलीसाठी अवघड

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले गेले. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आणि बोंबिलासाठी १८० मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे या दोन्हींवर कारवाई होऊ शकते.

हा नियम केवळ सरकारी सक्ती आहे असे समजू नका. साधे गणित करा. माशाची लांबी दीडपट झाली की वजन दीडपट होत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही वाढतात. ९ सेंटिमीटरचे पापलेट १३.५ सेंटिमीटरचे झाले, तर वजन साधारण साडेतीन पट होते. शिवाय मोठ्या पापलेटला किलोमागे दर जास्त मिळतो. लहान पिल्लू टोपलीत कवडीमोल जाते, काही वेळा कुटीच्या कारखान्यात जाते. तेच पिल्लू काही महिने पाण्यात राहिले तर वजन आणि दर दोन्ही वाढतात, आणि त्यातल्या काही माद्या अंडी घालतात. कोवळी कणसे खुडून गुरांना घालणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.

पण डोल जाळ्याची अडचणही खरी आहे. ती समजून न घेता नियम लावला तर तो कागदावरच राहील.

* डोल जाळे निवड करत नाही. प्रवाहाबरोबर जे येते ते आत जाते.
* जवळा हा मुळातच बारीक प्राणी आहे. जवळ्यासाठी जाळे लावायचे तर खोल्याची आस बारीकच लागते. त्याच बारीक आसेत पापलेट आणि बोंबील यांची पिल्लेही अडकतात.
* जाळे वर ओढेपर्यंत बरीचशी पिल्ले मेलेली असतात. मेलेले पिल्लू परत टाकून नियम पाळला जातो, साठा वाढत नाही.

म्हणून डोलीसाठी उत्तर बाजारातल्या मोजपट्टीपेक्षा जाळ्यात आणि वेळापत्रकात शोधावे लागेल. जवळ्याच्या हंगामात बारीक आसेचा खोला आणि एरवी मोठ्या आसेचा, अशी अदलाबदल करता येते. पिल्ले जास्त दिसू लागली की ठरावीक जागेवरची जाळी काही दिवस काढून ठेवता येतात. हे एका नौकेने केले तर तिचेच नुकसान होते. सगळ्या गावाने केले तर सगळ्यांचा फायदा होतो. त्यामुळे निर्णय सोसायटीच्या पातळीवर व्हायला हवा. जाळ्यांच्या जागा आधीच ठरलेल्या असल्याने मनोरीसारख्या गावांत हे ट्रॉलर बंदरापेक्षा सोपे आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डोलवाल्याने आस वाढवायची आणि त्याच वेळी किनाऱ्याजवळ बेकायदा ट्रॉलिंग किंवा एलईडी दिव्यांची मासेमारी चालू राहायची, तर त्याग एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने पाहणीही सुरू झाली. हे सगळे दिसेल अशा रीतीने लागू झाले, तरच लहान मच्छीमार स्वतःहून आस वाढवेल.

एक खाडी आणि तीन मोठी कामे

समुद्रातली मासेमारी शिस्तीत आणली, तरी साखळीच्या खालच्या दोन पायऱ्या मच्छीमाराच्या हातात नाहीत. मनोरी-मालाडच्या खाडीवर सध्या तीन मोठी कामे येत आहेत.

*पहिले, सांडपाणी.* मालाडची खाडी उपनगरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेत आहे. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की पिल्ले आधी मरतात. मुंबईत सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारली जात आहेत. त्यांची एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर असून त्यातले मालाडचे केंद्र ४५४ दशलक्ष लिटरचे आहे. हे केंद्र नीट चालले, तर मनोरीच्या मासेमारीला कोणत्याही अनुदानापेक्षा मोठी मदत होईल. मत्स्यव्यवसायाच्या योजनांच्या यादीत मात्र ते कुठेच दिसत नाही.

*दुसरे, निःक्षारीकरण.* समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मुंबई महापालिकेचा प्रकल्प मनोरीलाच होणार आहे. सविस्तर अहवालासाठी २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला. सुरुवातीची क्षमता रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत वाढवण्याजोगी. शहराला रोज मिळणाऱ्या पाण्याच्या तुलनेत २०० म्हणजे सुमारे ५ टक्के. पाऊस लांबला की तलाव तळाला जातात, त्यामुळे शहराची गरज खोटी म्हणता येणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. अशा प्रकल्पात घेतलेल्या खाऱ्या पाण्यापैकी साधारण ४० टक्क्यांचे गोडे पाणी होते, असे धरू. म्हणजे २०० दशलक्ष लिटरसाठी ५०० दशलक्ष लिटर समुद्रपाणी ओढावे लागेल आणि उरलेले ३०० दशलक्ष लिटर जवळपास पावणेदोन पट खारट होऊन परत समुद्रात जाईल. दोन ठिकाणी धोका आहे. पाणी ओढताना त्याबरोबर अंडी, पिल्ले आणि जवळा आत खेचला जातो. आणि परत सोडलेले जड खारे पाणी नीट मिसळले नाही तर तळाशी बसते. पावसाळ्यात खाडीचे पाणी तसेही पातळ होते. खरी परीक्षा मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत असेल. नळ किती लांब, किती खोल नेला आणि पाणी फवाऱ्यासारखे पसरवून सोडले का, यावर परिणाम ठरेल.

*तिसरे, सागरी किनारा रस्ता.* उत्तरेकडच्या या रस्त्यासाठी खारफुटी तुटणार आहे. नियमाप्रमाणे बदली लागवड होईल. पण रोप लावले म्हणजे खाडीचे काम सुरू झाले असे नाही. चिखल, भरतीचे पाणी आणि मुळांचे जाळे तयार व्हायला वर्षे लागतात. शिवाय लागवड दुसऱ्या खाडीत झाली, तर तिथल्या माशांना फायदा होईल. तुटलेल्या जागेच्या आसऱ्यावर वाढणारी पिल्ले तिथे चालत जाणार नाहीत.

या प्रत्येक कामाची परवानगी वेगळी, अहवाल वेगळा, खाते वेगळे. प्रत्येक अहवाल फार तर आपल्या कामाचा परिणाम मोजतो. तिन्हींचा मिळून एकाच खाडीवर काय परिणाम होईल, ही बेरीज कोणी करायची? परिसंस्थेवर आधारित व्यवस्थापन नेमकी हीच बेरीज मागते. आज त्या रकान्यात कोणाचेच नाव नाही, आणि मनोरीच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा दोष आहे.

हे जमू शकते का? अष्टमुडीचे उदाहरण

केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत शिंपले गोळा करणाऱ्यांनी हे करून दाखवले आहे. अतिउपशामुळे तिथले उत्पादन घसरले होते. मग प्रजननाच्या काळात बंदी, जाळ्याच्या आसेवर मर्यादा आणि लहान शिंपले न विकणे असे नियम आले. मच्छीमार, संशोधन संस्था आणि सरकार यांची मिळून देखरेख समिती झाली. २०१४ मध्ये या शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते मिळवणारी ती पहिली मासेमारी ठरली.

मनोरीची नक्कल तशीच्या तशी होणार नाही. शिंपला जागेवर राहतो, बोंबील फिरतो. शिवाय अष्टमुडीवर मुंबईसारख्या शहराचा भार नाही. पण एक धडा घेण्यासारखा आहे: नियम वरून आले तेव्हा नव्हे, तर पकडणाऱ्यांनी स्वतः नोंदी ठेवल्या आणि त्या समितीच्या टेबलावर मांडल्या, तेव्हा गोष्ट पुढे सरकली.

नोव्हेंबर २०२५ च्या केंद्रीय नियमांचा तुमच्याशी संबंध

हे नियम १२ ते २०० सागरी मैलांच्या क्षेत्रासाठी आहेत. तिथे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना आता ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागेल. पारंपरिक आणि लहान नौकांना सूट आहे. सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. एलईडी मासेमारी आणि जोडीने ओढायच्या ट्रॉलवर बंदी आहे.

मनोरीची डोल याच्या बाहेर, किनाऱ्याजवळच्या राज्याच्या हद्दीत येते. तरीही संबंध आहे. मोठ्या नौका खोल समुद्रात गेल्या तर किनाऱ्यावरचा ताण कमी होईल. त्या गेल्या नाहीत, आणि कृषी दर्जामुळे स्वस्त झालेल्या कर्जातून आणखी नौका किनाऱ्याजवळच उतरल्या, तर ताण वाढेल. मासा हद्दीची रेषा ओळखत नाही.

तुम्ही काय करू शकता?

*मच्छीमार आणि सोसायट्यांसाठी*

* रोजची नोंद ठेवा : तारीख, जागा, भरतीची वेळ, जातवार टोपल्या, पिल्लांचे प्रमाण. निवडणीचे काम बहुतेक ठिकाणी महिला करतात. मासा कधी लहान होत गेला हे त्यांच्या लक्षात आधी येते. वही त्यांच्याकडे द्या.
* निःक्षारीकरण प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच्या किमान एका पूर्ण वर्षाच्या नोंदी जमवा. आधीची स्थिती लिहिलेली नसेल, तर नंतर झालेले नुकसान सिद्ध करता येत नाही.
* जनसुनावणीत केवळ "विरोध" नोंदवून थांबू नका. लेखी विचारा : पाणी कुठून ओढणार, जाळीची आस किती, खारे पाणी किती अंतरावर आणि किती खोलीवर सोडणार, क्षारता आणि प्राणवायू रोज कोण मोजणार, आकडे मराठीत कुठे लावणार.
* मे महिन्यात जाळी दुरुस्तीला काढाल तेव्हा मोठ्या आसेचा एक जादा खोला करून घ्या. काही नौकांवर एक हंगाम वापरून दोन्ही खोल्यांच्या पकडीची विक्री किती झाली ते पडताळा.
* किमान आकाराचा तक्ता मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्या. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत की खाचेपर्यंत मोजायची, ते जातीनुसार तपासा.
* कासव, देवमासा असे संरक्षित प्राणी जाळ्यात आल्यास जाळे कापून सोडा, छायाचित्र काढा. जाळ्याच्या नुकसानीसाठी कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेतून कमाल २५ हजार रुपये भरपाई मिळते.
* १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी पाळा आणि शेजारच्या बंदरातील उल्लंघनही लेखी कळवा.

*कर्ज घेणाऱ्यांसाठी*

* २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाच्या व्याजसवलतीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली. त्यात मच्छीमारही आहेत. हे पैसे इंजिनाची ताकद वाढवण्याऐवजी बर्फ, इन्सुलेटेड पेट्या, स्वच्छ वाळवण आणि पॅकिंग यांवर लावा. पकड तेवढीच ठेवून दर वाढवणे हा समुद्रातला सर्वांत सुरक्षित नफा आहे. जमिनीवर वाळवलेल्या जवळ्यापेक्षा उंच जाळीवर वाळवलेला, वाळूविरहित जवळा चांगल्या दराने जातो.

*ग्राहकांसाठी*

* बाजारात बोटभर पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. जून-जुलैत ताज्या मासळीचा हट्ट धरण्यापेक्षा सुके बोंबील आणि सुका जवळा घ्या. तो पैसा बंदीच्या काळात कोळीवाड्यात जातो.

शेवटी एवढेच

कृषी दर्जा हा हक्क आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण शेतकऱ्याला जमिनीचा सातबारा असतो. बांध कोणी कोरला तर तो तहसील कार्यालयात जाऊ शकतो. मच्छीमाराचे शेत म्हणजे खाडी, खारफुटी आणि भरतीचे पाणी. त्याचा सातबारा कोणाच्या नावावर नाही, म्हणून त्याचा बांध प्रत्येक जण कोरतो. दर्जा खरोखर शेतीचा द्यायचा असेल, तर कर्ज आणि विजेबरोबर त्या शेताच्या रक्षणाचा अधिकारही द्यायला हवा. मनोरीच्या खाडीसाठी मच्छीमार, मत्स्यव्यवसाय विभाग, कांदळवन कक्ष, महापालिका आणि संशोधन संस्था यांची एकच समिती आणि एकच नोंदवही असणे, ही त्याची पहिली पायरी आहे. ती मागणी सोसायटीच्या पुढच्या सभेत ठराव म्हणून मांडता येईल.